उत्तर रात्री नऊला

आमच्या शाळूसोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी सामान्यज्ञानाचा एक प्रश्न पडतो. ज्याची पाळी असेल त्याने चहाच्या आधी टाकायचा, उत्तर रात्री नऊला. नियम एकच, गूगल करायचं नाही. आता हा नियम कोण पाळतंय आणि कोण मोडतंय, हे तपासायची कसलीच सोय नाही. प्रश्न ज्या फोनवर येतो त्याच फोनमध्ये उत्तरही बसलेलं असतं. तरी दिवसभर चुकीची उत्तरं धो धो येत राहतात. नियम पाळला जात असल्याचा याहून मोठा पुरावा कुठला? एखाद्याने पाच मिनिटांत सन-तारखेसकट उत्तर ठोकलं, तर कुणीतरी डोळा मिचकावणारा चेहरा टाकतं. तेवढ्यावर भागतं.

पूर्वी असं काही ठरवावं लागत नसे, कारण उत्तरंच सहजी मिळत नसत. १९५१ साली आयर्लंडमधल्या वेक्सफर्ड परगण्यात शिकारीला गेलेल्या मंडळींत वाद लागला की, शिकारीच्या पक्ष्यांत युरोपात सगळ्यांत वेगवान कोण, गोल्डन प्लोव्हर की ग्राउझ? गिनेस या मद्यकंपनीचे प्रमुख सर ह्यू बीव्हर त्या मंडळींत होते. संध्याकाळी संदर्भग्रंथ चाळले, पण उत्तर काही सापडेना. असले वाद तर पबापबांतून रोज रंगत असणार आणि असेच लोंबकळत राहत असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यातून १९५५ मध्ये गिनेस बुकाची पहिली आवृत्ती निघाली. वाद मिटवायला तेव्हा पुस्तक छापावं लागलं. आज वादाला तोंड फुटायच्या आत तो मिटतो आणि गप्पांचा एक फड उभा राहण्याआधीच मोडतो. म्हणून आम्ही ही टंचाई हौसेने ओढवून घेतली आहे.

सगळेच प्रश्न काही या खटाटोपाच्या लायकीचे नसतात. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर विचारलं, की सगळे एका सुरात कळसूबाई म्हणून मोकळे होतात. एखाददुसरा वर १६४६ मीटर जोडतो, आणि दिवस फुकट जातो. काही प्रश्न नुसते खोडसाळ. 'भारतातली पहिली रेल्वे कधी धावली?' असं एकाने विचारलं. आम्ही सगळ्यांनी छाती फुगवून १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, असं लिहिलं. रात्री उत्तर आलं: १८३७, मद्रासजवळची रेड हिल्स रेल्वे. ती रस्त्यांच्या कामासाठी दगड वाहायची. 'पहिली प्रवासी रेल्वे' असं विचारलं असतं तर आमचं ठाणं शाबूत राहिलं असतं. ग्रुपने त्याला मध्यरात्रीपर्यंत झोडपला. माझ्या मते मात्र त्याने काही वावगं केलं नव्हतं. प्रश्न नीट वाचायचा असतो, हे परीक्षेत शंभरदा ऐकूनही आम्ही विसरलो होतो.

पण मला आवडतात ते तिसऱ्या जातीचे प्रश्न. जे पाठ नसले तरी विचार करून सुटतात. परवा एका मैत्रिणीने विचारलं, 'तुमच्या गावात सूर्य बरोबर डोक्यावर वर्षातून किती वेळा येतो?' निम्म्यांनी लिहिलं, रोज, दुपारी बारा वाजता. शाळेतल्या निबंधातला सूर्य रोजच डोक्यावर येत असे, त्याचा हा परिणाम. कोल्हापूरकडे शेती करणारा आमचा मित्र म्हणाला, एकदाच, मेच्या सुरुवातीला. तेव्हा उसाच्या बांधावर उभं राहिलं तर सावली पायातच गोळा होते, हे त्याने पाहिलेलं. इंजिनिअर मित्राने कागद-पेन्सिल घेतलेली दिसली, कारण दुपारी त्याने एका वेड्यावाकड्या आकृतीचा फोटो टाकला. सूर्य वर सरकत जातो तो कर्कवृत्तापर्यंत, म्हणजे साडेतेवीस अंशांपर्यंत. २१ जूनच्या सुमाराला तिथे पोचतो आणि परत फिरतो. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे जाताना एकदा आणि येताना एकदा तो आपल्या डोक्यावरून जाणारच. उत्तर: दोनदा. पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला, तेही घड्याळातल्या बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास.

मग कोल्हापूरकराला दुसरी वेळ का दिसली नव्हती? त्याचं त्यानेच सांगितलं, 'ऑगस्टात आमच्याकडं सूर्यच दिसत नाही, सावली कुठनं दिसणार?' त्याचं उत्तर चुकलं, पण ते चुकलेलं उत्तर त्याच्या बांधावरून आलं होतं. बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी एकानेही ती सावली आयुष्यात पाहिलेली नव्हती. मी त्या रात्री मनातल्या मनात पूर्ण गुण त्यालाच दिले.

उत्तर जाहीर झाल्यावर खरी मजा सुरू झाली, कारण ते प्रत्येकाचं वेगळं निघालं. सिंगापूरला असलेली मैत्रीण विषुववृत्ताला जवळजवळ खेटून राहते, तिचा सूर्य मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये डोक्यावर. नागपूरकराचा मेच्या शेवटच्या आठवड्यात. न्यू जर्सीवाल्याचा कधीच नाही, दिल्लीवाल्याचाही नाही. दिल्लीवाला फारच खट्टू झाला. राजधानीत राहून एवढंही मिळू नये, असा त्याचा सूर. तेव्हा नागपूरकराने त्याला भर ग्रुपवर आमंत्रण दिलं: 'मेच्या शेवटी ये, सूर्य डोक्यावर दाखवतो. तुझ्या डोक्यावर केस राहिले नाहीत, तेव्हा टोपी तेवढी घेऊन ये.'