थाप

बास गिटारवर स्लॅप शिकायला लागलो तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "हे नक्की काय करतोयस?" मी मराठीत सांगून पाहिलं, "तारेवर थाप मारतोय." आजी म्हणाली, "त्याला शिकवणी कशाला? लहानपणापासून मारतोसच की."

सगळे हसले, मीही हसलो. पण त्या एका शब्दाचे दोन अर्थ तेव्हापासून मानगुटीवर बसले आहेत. तबल्यावर पडते ती थाप खरी. आपण एकमेकांना मारतो ती थाप खोटी. मग बासवरची कुठल्या जातीची?

आधी तंत्र सांगतो. अंगठ्याच्या सांध्याची हाडाळ बाजू, बासची मान जिथे संपते तिथे, जाड तारेवर आपटायची आणि लगेच उचलायची. तार फ्रेटवर आदळते, 'टक्' असा धातूचा आवाज येतो. जोर मनगटातून यायला हवा, कुलपात किल्ली फिरवतो तसा. मग तर्जनी बारीक तारेखाली घालून ती ओढायची आणि सोडायची. हा पॉप. एवढं काही आठवड्यांत जमायला लागतं. जमत नाही तो डावा हात. अंगठा आपटला की चारही तारा थरथरायला बघतात. वाजायला हवी एक. बाकीच्या तीन डाव्या हाताच्या बोटांनी अलगद स्पर्श करून गप्प ठेवायच्या असतात.

वर्षभर मी पाठीवर बास टाकून मुलुंडहून घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरीला शिकायला जात होतो. सर पहिल्या दिवसापासून एकच सांगायचे : "उजव्या हाताकडे बघू नकोस." मी तिकडेच बघायचो, कारण रीलमध्ये तोच दिसतो.

मग गणपतीत एका सोसायटीत आमच्या बँडचा कार्यक्रम झाला. एक संथ गाणं होतं. दुसऱ्या अंतऱ्याआधी आमची गायिका थोडं थांबते, श्वास घेते आणि खालच्या सुरात उचलते. तेवढ्या जागेत मी थापा मारल्या. शिट्ट्या आल्या, मोबाइल वर गेले. मला वाटलं, आज आपण जिंकलो. परतताना रिक्षात ती म्हणाली, "ती जागा माझी होती रे." पुढच्या तालमीला ती आली नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही.

मला राग आला. लोकांना आवडलं तर हिचं काय गेलं? मग एका रात्री कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ हेडफोन लावून ऐकला. माझ्या थापा संपतात, आणि ती एक मात्रा उशिरा सुरू करते. ती चुकली नव्हती. माझ्या गोंगाटात तिला सम सापडली नव्हती. चार फुटांवर उभा असून मला ते ऐकूही आलं नव्हतं.

त्याच दिवसांत या तंत्राच्या जन्माची गोष्ट वाचली. डबल बासच्या तारा ओढून आपटायची रीत न्यू ऑर्लीन्समध्ये आधीपासून होती. पण बास गिटारवर स्लॅप रुजवला लॅरी ग्रॅहम यांनी. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात हा मुलगा आपल्या आईबरोबर कार्यक्रम करायचा. आई पियानो वाजवत गायची. पुढे ड्रमर राहिला नाही, उरले मायलेक दोघं. ड्रमची उणीव भरायला त्याने अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमचा ठोका काढला आणि बोटाने तार ओढून स्नेअरचा. पुढे तो स्लाय अँड द फॅमिली स्टोनमध्ये गेला, १९६९मध्ये 'थँक यू' हे गाणं आलं आणि तो आवाज जगाने ऐकला. पण मुळात तो अंगठा आईच्या गाण्याखालची जमीन सावरत होता.

म्हणजे ग्रॅहमची थाप खरी होती, कारण उणीव खरी होती. माझ्या गाण्यात उणीव नव्हतीच. तिथे एक श्वास होता आणि मी त्याला रिकामी जागा समजलो. मी मारली ती दुसऱ्या अर्थाची थाप : इथे काहीतरी कमी आहे, आणि ते माझ्याकडे आहे.

यातून 'बासवाल्याने मागेच राहावं' असा धडा काढणं सोपं आहे. मला तो पटत नाही. 'आपली पायरी ओळखून राहा' हे आपल्याकडे कुणाकुणाला ऐकवलं गेलंय, ते आपल्याला माहीत आहे. मुंबईतच वाढलेली मोहिनी डे बघा. बासवादक वडिलांनी तिला अगदी लहानपणी शिकवायला सुरुवात केली. ती झाकीर हुसेन आणि ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजली आणि २०२३मध्ये तिने स्वतःच्या नावाचा अल्बम काढला. तिचा बास मंचावर पुढे येऊन बोलतो. तिने मागे राहायला हवं होतं असं कोण म्हणेल? आणि तिचा डावा हात बघा. इतक्या वेगातही नको असलेली एक तार थरथरत नाही.

तेव्हा प्रश्न पुढे उभं राहण्याचा नसावा. पुढे गेल्यावरही मागचं ऐकू येतं का, हा असावा. ऐकू येत असेल तर सोलोसुद्धा साथ असतो. येत नसेल तर मागे, अंधारात उभं राहूनही माणूस दुसऱ्याची जागा खाऊ शकतो. आणि हे फक्त बासपुरतं नाही. मित्र आपलं दुःख सांगताना मध्येच थांबतो आणि आपण लगेच आपला किस्सा सुरू करतो, तेव्हाही आपण कुणाच्या तरी श्वासावर थाप मारत असतो.

मी तिला व्हिडिओतला तो मिनिट पाठवला. खाली लिहिलं, "आत्ता ऐकू आलं." दोन दिवसांनी अंगठा आला. ती तालमीला परत येते. मी दिवसातली पंधरा मिनिटं फक्त डाव्या हाताला देतो : उजवा ठोकतो, डावा सगळ्या तारा गप्प ठेवतो, ऐकू येते नुसती 'ठप्'. आजी विचारते, "आज काहीच वाजत नाहीये का?"

त्या गाण्याला मात्र आम्ही अजून हात लावलेला नाही. ती म्हणेल तेव्हा.