ज्या दुःखाला तेरावा नाही



आसनगावी सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. चरित्राला गोरोबाकाका घेतले. तेरच्या या कुंभाराची कथा कोणास ठाऊक नाही? चिखल तुडविताना नामाची तंद्री लागली, पोटचे लेकरू पायाखाली गेले, आणि पुढे पंढरीस नामदेवरायांच्या कीर्तनात ते रांगत परत आले. तेथे मृदंग कडाडला, मंडप डोलू लागला. तेवढ्यात बायकांमधून एक तरुण सून तोंडाला पदर लावून उठून गेली.

कीर्तन आटोपल्यावर सासू तिला घेऊन आली. "महाराज, हिला जरा समजवा. बाळ आठव्या दिवशी गेलं. दोन महिने झाले, धड जेवत नाही. दुसरं होईल म्हणावं." सून मान खाली घालून उभी होती. हळूच म्हणाली, "महाराज, गोरोबांचं बाळ आलं. मग माझ्या भक्तीत काय कमी पडलं?"

कैक वर्षे आम्ही हे चरित्र सांगतो. त्या रात्री निरुत्तर झालो. काकांची तंद्री आम्ही तासभर रंगवतो. पण पाणी घेऊन दारी परतलेल्या संतीपाशी क्षणभरही थांबत नाही. ती रडली, नवऱ्यावर संतापली. तो काही अधर्म नव्हे, ते आईचे काळीज. चमत्कार देवाच्या घरचा. त्याच्या मापाने कोणा आईची भक्ती मोजू नये, हे आम्ही मंडपातच सांगावयास हवे होते. ते आज सांगतो.

माय, तुझ्या भक्तीत काही कमी पडले नाही. अपुरे दिवस, जन्मताना गुदमरणे, जंतुसंसर्ग, यांनी तान्ही बाळे दगावतात. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ गळतो, तोही बहुधा गर्भाच्या घडणीतच दोष राहिल्याने. तेथे 'पांढऱ्या पायाची' म्हणणारी जीभ पापाची धनीण होते.

आता "दुसरं होईल" याचा विचार करू. भागवताच्या दशम स्कंधात 85व्या अध्यायात देवकीची कथा आहे. कंसाने मारलेल्या सहा बाळांसाठी ती कितीतरी वर्षांनी द्वारकेत रडते. पुढ्यात कोण उभा? साक्षात श्रीकृष्ण! परब्रह्म पोटी आले तरी आधीची सहा विसरली नाहीत. आणि देव तिला "विसर" म्हणाला नाही. सुतल लोकी जाऊन त्याने ती बाळे आणली, तिच्या मांडीवर दिली. मग आपण कोण "विसर" म्हणणारे?

काही म्हणतात, तान्ह्याला सुतक कसले? शास्त्र असे नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत दोन वर्षांच्या आतील बालकास पुरावे, उदकक्रिया करू नये, असे आहे. विधी नाही म्हणजे शोक नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. गर्भ गळाला तर जितके महिने तितक्या रात्री तीच स्मृती सांगते. ज्याचे तोंडही कोणी पाहिले नाही, त्याचे महिने शास्त्राने मोजले! आजचा कायदाही मोजतो: प्रसूती लाभाच्या कायद्यात, तो लागू असलेल्या कामाच्या ठिकाणी, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा आहे.

म्हातारा गेला की तेरा दिवस गाव दारात बसते. तान्हे गेले की तिसऱ्या दिवशी ती माउली एकटी चुलीपुढे. छातीला दूध येते, प्यायला कोणी नाही. हे दुःख वारकऱ्याने ओळखावे. भजनातल्या दोघी-तिघींनी भाकरी घेऊन तिच्याकडे जावे. बाळाला नाव ठेवले असेल तर त्या नावाने बोलावे. ती रडली तर रडू द्यावे. बापालाही विचारावे, तोही मुका होऊन बसलेला असतो. ताप आला, रक्त फार जाऊ लागले, तर वाट न पाहता तिला शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. आठवडेच्या आठवडे अन्न-झोप नसेल, जीव नकोसा झाला असेल, तर डॉक्टरांना सांगावे. 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर फुकट बोलता येते. औषध घेतल्याने नामाला उणेपणा येत नाही.

गोरोबाकाकांचे बाळ परत आले ते संतांच्या मेळ्यात. आपल्याला बाळ परत आणता येत नाही; मेळा मात्र आपल्या हातात आहे. आसनगावच्या त्या सुनेला आम्ही त्या रात्री एवढेच म्हणालो, "माय, बाळाचं नाव काय होतं?" दोन महिन्यांत हे तिला प्रथमच कोणी विचारले होते. तिने नाव सांगितले, आणि सासूच्या खांद्यावर डोके ठेवून ती मोकळेपणी रडली. सासूही रडली.

॥ रामकृष्ण हरि ॥