मधला मुक्काम

प्रवासवर्णनांत निघण्याची धांदल आणि पोहोचण्याचा आनंद या दोहोंस भरपूर जागा मिळते. परंतु या दोहोंच्या मध्ये, गाडी चुकल्यामुळे, नदीस पूर आल्यामुळे किंवा मार्गच तेथे तुटत असल्यामुळे जो मुक्काम पदरी पडतो, त्याची गणना बहुधा गैरसोयीत होते आणि दोन विनोदी वाक्यांत त्याची बोळवण केली जाते. आमच्या मते प्रवासातील नीतीचा सर्वांत कठीण प्रश्न या मधल्या मुक्कामातच उत्पन्न होतो. तो प्रश्न असा : जो मनुष्य आपल्या गावी येण्यासाठी निघालाच नव्हता, केवळ अडला म्हणून आपल्या दारी थांबला आहे, त्याचे आपण काय देणे लागतो?

मराठवाड्यातील लोकांस हा मुक्काम चांगला परिचित आहे. नांदेड जिल्ह्यातील भोकर हे तेलंगणाच्या सीमेलगतचे तालुक्याचे गाव मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर आहे. हा मार्ग पूर्वी मीटरगेजचा होता आणि मनमाडपर्यंतचा पुढील मार्गही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत तसाच होता. त्यामुळे भोकरहून मुंबईस जाणाऱ्यास मनमाडला लहान गाडीतून उतरून मोठ्या गाडीची वाट पाहणे चुकत नसे. लहान गाडीस उशीर झाला की मोठी निघून जाई आणि वळकटीवर बसून रात्र काढावी लागे. आता रूळ एका मापाचे झाले, भोकरवरून मुंबईस थेट गाडी जाते. तथापि मनुष्य वाटेत अडण्याचे प्रसंग काही संपले नाहीत.

अशा मुक्कामात मनुष्याची स्थिती मोठी चमत्कारिक होते. आपल्या गावी त्याची पत असते, जेथे जावयाचे तेथे कोणी तरी त्याची वाट पाहत असते. मधल्या ठिकाणी मात्र तो कोणाचाच नसतो. 'अतिथी' या शब्दाची परंपरागत फोड 'ज्याच्या येण्यास तिथी नाही तो' अशी करितात. आमंत्रित पाहुण्याचा सत्कार आपण नात्यासाठी, स्नेहासाठी किंवा उद्याच्या परतफेडीसाठी करितो. अतिथीपाशी द्यावयास त्याच्या गरजेवाचून दुसरे काहीच नसते. म्हणून त्याच्यापुढे प्रथम काय येते, पाणी की प्रश्न, यावरून त्या घराची आणि त्या समाजाची परीक्षा होते.

मराठी प्रवाशांच्या दोन हकीकती येथे शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे हे घरचे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली चुलत्यांसह उत्तरेकडे निघाले. वाटेत बंडाचा वणवा पेटला. १८५८ च्या वेढ्यात ते झांशीतच अडकले, शहर पडल्यानंतरची लूट व कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि मिळविलेले द्रव्यही गमावले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'माझा प्रवास' संकटांनी भरलेला आहे. तरीही एक गोष्ट वाचकाच्या ध्यानात येते. राज्ये कोसळत असताना, परमुलखात, या विद्वान ब्राह्मणास स्वजातीयांची दारे उघडी सापडतात. जानवे हेच त्याचे ओळखपत्र होते.

दुसरी हकीकत १९०१ सालची. देशात बंड नव्हते, वेढा नव्हता. साताऱ्याहून चार मुले खटाव तालुक्यात नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाली आणि मसूर स्थानकावर उतरली. येत असल्याचे पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे त्यांस न्यावयास कोणी आले नव्हते. नवे कपडे पाहून स्थानकप्रमुखाने आस्थेने विचारपूस केली. पण मुले महार आहेत असे कळताच त्याची मुद्रा पालटली. गाडीवाले दुप्पट भाडे घेऊनही बसवीनात. शेवटी मुलांनीच बैल हाकावे आणि गाडीवानाने बाजूने चालावे या अटीवर एकजण तयार झाला. शिदोरी बरोबर होती, परंतु पिण्याजोगे पाणी कोणी देईना, म्हणून रात्री जकातनाक्यापाशी उपाशी निजावे लागले. त्या मुलांपैकी एक पुढे भारताच्या घटनेचा शिल्पकार झाला. डॉ. आंबेडकरांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. त्याच टिपणांत १९३४ सालचा दौलताबादचा प्रसंगही आहे. वेरूळ पाहावयास निघालेली त्यांची मंडळी किल्ल्यापाशी थांबली, टाक्यातील पाण्याने त्यांनी हातपाय धुतले, आणि पाणी बाटविले म्हणून तेथे गहजब झाला. ओरड करणारा वृद्ध मुसलमान होता. तेव्हा हा दोष एकाच धर्माच्या माथी मारून मोकळे होण्याचीही सोय राहत नाही.

पहिल्या हकीकतीत युद्ध आहे आणि आश्रय आहे; दुसरीत शांतता आहे, पदरी पैसे आहेत, आणि पाणी नाही. विष्णुभटांस जे मिळाले ते खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. ते देणाऱ्यांनी स्वतःचे प्राण संकटात असताना दिले. परंतु ते अतिथीस दिलेले नव्हते, आप्तास दिलेले होते. आपल्या आतिथ्याची जी कीर्ती आपण गातो, तिच्यातील केवढा भाग या दुसऱ्या सदरात जातो, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे.

'हे सारे जुने झाले' असे कोणी म्हणेल. भोकरच्या बाजूस खेड्यांतून ओसरीवर मनुष्य टेकला की तांब्याभर पाणी पुढे येते आणि मग 'कोण्या गावचे?' असे विचारले जाते. हा क्रम फार सुंदर आहे. मात्र त्या पाठोपाठ 'कोणाचे तुम्ही?' हा दुसरा प्रश्न येतो, आणि त्याचा रोख गावावर नसतो. एकदा पावसाने गाडी खोळंबली असता आम्ही काही उतारू अशाच एका ओसरीवर बसलो होतो. घरच्या वृद्ध बाईंनी पाणी आणिले. आमच्यातील एका गृहस्थांनी तांब्यास हात लावण्यापूर्वी आपली जात सांगून टाकली. बाई म्हणाल्या, "तहान लागली ना बाबा? पी की आधी." त्यांनी काहीच विचारले नव्हते, तरी उत्तर तयार होते. जो प्रश्न न विचारताही उत्तर देणे मनुष्यास भाग वाटते, तो किती पिढ्या विचारला गेला असेल? शहरातील सुशिक्षित घरमालक जातीचे नाव काढीत नाही. तो केवळ आडनाव विचारतो आणि खोली नुकतीच दिली असे सांगतो.

याउलट एक आक्षेप विचारार्ह आहे. अनोळखी मनुष्याची चौकशीच करू नये काय? ठगांच्या टोळ्या मुक्कामावर सोबती म्हणून मिसळत आणि पुढे वाटेत गळा आवळीत. निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली, ती निव्वळ कल्पनेतून नव्हे. रोगाची भीतीही खोटी नसते. २०२० च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली तेव्हा नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात सुमारे चार हजार यात्रेकरू अडकून पडले. महिन्याहून अधिक काळ गुरुद्वाऱ्याने त्यांची व्यवस्था केली. एप्रिलच्या अखेरीस ते पंजाबात परतले तेव्हा त्यांतील पुष्कळांस संसर्ग झाल्याचे आढळले आणि दोष कोणाचा यावरून वाद माजला. पाहुणा आणि भय ही तेथे एकाच देहातून आली होती.

तेव्हा सावधगिरी कोणती आणि तुच्छता कोणती, हे ओळखण्यास काही कसोटी हवी. आम्हांस ती अशी दिसते. जी चौकशी आपण त्याच प्रसंगी आपल्या सख्ख्या भावाचीही करू, ती सावधगिरी होय. ताप आहे काय, कोठून आलात, हे भावासही विचारता येते. जन्म कोणत्या कुळात, हे त्यास कोणी विचारीत नाही. आणि भावाची चौकशी चालू असतानाही त्याचे पाणी आपण अडवून धरीत नाही, लांबून का होईना देतोच. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली सोळा मजूर मरण पावले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातील ही मध्य प्रदेशातील माणसे भुसावळकडे पायी निघाली होती, आणि गाड्या बंद आहेत अशा समजुतीने थकून रुळांवरच निजली होती. त्यांचा तोच मधला मुक्काम. एवढ्या मोठ्या प्रदेशात त्यांना निजावयास रूळ सापडले, याची जबाबदारी कोणा एकावर ठेविता येत नाही. म्हणूनच ती सर्वांची आहे.

व्यक्तीच्या दयेवर हे काम सोडून भागत नाही, कारण दया थकते आणि माणसे निवडू लागते. आपल्या पूर्वजांनी धर्मशाळा बांधिल्या त्या याच कारणाने. पण पुष्कळ धर्मशाळांच्या दारातही तो प्रश्न उभा होताच. गाडगे महाराजांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभारली आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. मसूरच्या त्या मुलास समाजाने जे नाकारले होते, त्याची ही एका निःसंग पुरुषाने केलेली अल्पशी भरपाई म्हणता येईल.

नांदेडचे उदाहरण याहून बोलके आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ साली दख्खनेत आले, गोदातीरी त्यांचा तळ पडला, तेथे त्यांच्यावर घातकी हल्ला झाला आणि तेथेच त्यांचा अंत झाला. वाटेवरच्या या शेवटच्या मुक्कामाच्या जागी आज जो लंगर चालतो, त्यात पंगतीस बसणाऱ्यास जात, धर्म किंवा गाव विचारीत नाहीत. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसच्या उतारूंसही वाटेतील स्थानकांवर भाविक मंडळी फुकट अन्न वाढतात. एका गुरूस वाटेत जो घात सोसावा लागला, त्याचे उत्तर त्याच्या अनुयायांनी दारे लावून दिले नाही. भयास इतके उदात्त उत्तर आम्हांस दुसरे माहीत नाही.

पैसा हाती असलेल्या आजच्या प्रवाशास हा प्रश्न संपला असे वाटते, कारण त्याने विश्रामगृह आधीच राखून ठेविलेले असते. पूर, अपघात, रोग किंवा दंगा यांपैकी एक गोष्ट घडली की ते निरुपयोगी होते आणि तोही कोणाच्या तरी ओसरीवर येऊन उभा राहतो. परंतु उद्या आपल्यावर वेळ येईल म्हणून आज पाणी द्यावे, ही सावकारी झाली. समोरच्या मनुष्यास तहान लागली आहे, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटते. ज्या घरातील मुले तांब्या पुढे करावयास शिकतात आणि 'कोणाचे?' हे विचारावयास शिकत नाहीत, त्या घराने धर्माचा मोठा भाग साधला असे आम्ही समजू.