बुडालेले ओंडके



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४५.

अर्जुन विचारतो, साधना सुरू केली पण मध्येच सुटली, तर त्या माणसाचं काय? फाटलेल्या ढगासारखा तो विरून जातो का? हा प्रश्न मला माझाच वाटला. शिफ्ट बदलली आणि माझा जप सुटला, त्याला आठ महिने झाले. आधीची चार वर्षं वाया गेली का?

उत्तर अमेरिकेत लेक सुपीरियर हे प्रचंड, थंडगार सरोवर आहे. १९व्या शतकात तिथल्या जुन्या जंगलांतले ओंडके पाण्यावरून तरंगत सॉ मिलकडे नेत. काही वाटेतच बुडाले. तळाचं पाणी थंडगार, त्यामुळे ते कुजले नाहीत. १९९०च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या अ‍ॅशलंडला ते वर काढू लागले आणि त्या लाकडाची व्हायोलिन, गिटार झाली.

श्रीकृष्णही अर्जुनाला तोच धीर देतात: चांगलं करणाऱ्याचा नाश होत नाही.

मग सुटलं तरी चालतं, असा सोयीचा अर्थ काढायचा का? नाही. तळाशी पडून लाकूड वाजत नाही. ते कुणीतरी वर काढावं लागतं, हळूहळू वाळवावं लागतं. घाई केली तर तडकतं. श्लोक ४३ मधला साधकही पूर्वीचा संस्कार घेऊन पुन्हा प्रयत्नालाच लागतो, तोही पुढच्या जन्मी.

आपण तेवढं कशाला थांबायचं? आज मी एकच माळ करणार आहे. तुमचं काय बुडालंय?