परवानगी आणि ऋण

आमच्या मंडळीतील एक बंधू वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत लेथचा लहानसा कारखाना चालवितात. करोनाच्या साथीपूर्वी त्यांच्याकडे बावीस कामगार होते. २०२० सालच्या नोव्हेंबरात ते एका संध्याकाळी माझ्या घरी आले. हातात हजेरीपुस्तक होते. बसताच म्हणाले, "काका, सरकारने सूट दिली आणि मी ती घेतली. आता न्यायालय म्हणते की सूट देण्याचा अधिकारच सरकारला नव्हता. मग चूक कोणाची? सरकारची की माझी?"

मी त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर देता आले नाही. पण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या मंडळ्यांत कारखानदार थोडे असले तरी मुकादम, हिशेबनीस आणि फिटर पुष्कळ आहेत, म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम घडले काय ते पाहू. १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे प्रौढ कामगाराकडून दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम घेतल्यास त्या जादा तासांची मजुरी दुप्पट दराने देणे बंधनकारक होते. १७ एप्रिल २०२० रोजी गुजरात सरकारने एक अधिसूचना काढली. तिच्यान्वये २० एप्रिल ते १९ जुलै या काळात कारखान्यांना दिवसाला बारा आणि आठवड्याला बहात्तर तास काम घेण्याची मुभा मिळाली, आणि जादा तासांची मजुरी नेहमीच्याच दराने दिली तरी चालेल असे ठरले. अधिसूचनेत उदाहरणही दिले होते: आठ तासांना ८० रुपये असतील तर बारा तासांना १२०. पुढे ही मुदत १९ ऑक्टोबरपर्यंत वाढविली गेली.

आता याच ८० रुपयांचा हिशेब आठवड्याचा करून पाहावा. तासाला दहा रुपये. बहात्तर तासांचे सरळ दराने ७२० झाले. जुन्या नियमाने अठ्ठेचाळीस तासांचे ४८० आणि वरच्या चोवीस तासांचे दुप्पट दराने आणखी ४८०, म्हणजे ९६० झाले असते. दर आठवड्याला २४० रुपये, म्हणजे पुरी अर्ध्या आठवड्याची मजुरी, कामगाराच्या खिशात पडली नाही. ती कोणी चोरली असे कोणी म्हणणार नाही, कारण तसा हुकूमच होता.

गुजरात मजदूर सभा आणि आणखी एक कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने दोन्ही अधिसूचना रद्द केल्या. कायद्याच्या पाचव्या कलमाखाली सरकार कारखान्यांना सूट देऊ शकत होते, पण ती 'सार्वजनिक आणीबाणी'त. आणि युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाच्या सुरक्षिततेला धोका उत्पन्न होणे, असा त्या शब्दाचा अर्थ कलमातच दिलेला होता. साथीमुळे व्यापार मंदावला, हे संकट खरे होते. परंतु ती त्या अर्थाने आणीबाणी नव्हती. आणि संकटाचे ओझे एकट्या कामगारानेच का वाहावे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. त्या काळातील जादा तासांची मजुरी कायद्याच्या दराने सर्व पात्र कामगारांना द्यावी, असा आदेश झाला.

आमच्या बंधूंची बाजूही नीट ऐकली पाहिजे. बाकावर बसून कारखानदाराला शास्त्रवचने ऐकविणे सोपे असते; महिन्याच्या सात तारखेला पगार वाटण्याची ज्याच्यावर कधी वेळ आली नाही, त्याला ते विशेष सोपे जाते. बावीसपैकी तेरा माणसे एप्रिल-मे महिन्यांत मिळेल त्या वाहनाने आपापल्या गावी निघून गेली होती. नऊ उरली. तयार मालाचे पैसे अडकले होते, बँकेचा हप्ता उभा होता. ते म्हणाले, "मी दुकान बंद केले असते तर या नऊ जणांना काय मिळाले असते?" या प्रश्नाला माझ्यापाशी झटपट उत्तर नाही, आणि ज्यांच्यापाशी आहे त्यांचा मला थोडा संशय येतो.

तरीही त्यांच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि ती मला पटत नव्हती. मुभा मिळाली म्हणजे देणे संपले, असे ते धरून चालले होते. जादा तासाला दुप्पट का? नवव्या तासात लेथवर काही दुप्पट माल निघत नाही. उलट थकलेल्या हातून तो कमीच निघतो आणि बोट जाण्याचा धोका वाढतो. दुप्पट दर मालाचा नाहीच. तो तास झोपेतून, मुलांच्या अभ्यासातून, म्हाताऱ्या आईजवळ बसण्यातून काढून घेतलेला असतो, आणि त्याची किंमत बाजारात ठरत नाही, म्हणून कायद्याने ती ठरविली. शिवाय दुप्पट दर हे कुंपणही आहे: मालकाने खरी गरज असेल तेव्हाच ते ओलांडावे. सरकारने कुंपण काढले, म्हणून कामगाराची झोप स्वस्त झाली काय? अधिसूचनेने एवढेच सांगितले की मालकाला शिक्षा होणार नाही. कामगाराकडून काय घेतले गेले, याविषयी ती काही बोललीच नाही.

पवित्र शास्त्रात हा भेद जागोजागी दिसतो. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी असे सांगितले आहे, आणि कारण दिले आहे ते कराराचे नव्हे, तर त्याच्या गरिबीचे. त्याचा जीव त्या पैशाकडे लागलेला असतो. जक्कय जकातदार होता, रोमी सत्तेच्या परवान्याने वसुली करणारा. येशू त्याच्या घरी उतरल्यावर त्याने परवाना पुढे केला नाही. चौपट परत करतो म्हणाला. (आपल्याकडे या गोष्टीवरचे प्रवचन बहुधा उंबराच्या झाडापाशीच संपते.)

काही जण द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील धन्याचा आधार घेतात: त्याने एका दिनाराचा ठराव केला होता आणि मजूर राजी होते, मग तक्रार कसली? पण तो धनी ठरल्याहून कमी कोणालाच देत नाही. त्याच्या हातून जे मोजमापाबाहेर जाते ते देण्याच्या बाजूला जाते. घेण्याच्या बाजूला त्याचा दाखला देणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे.

'राजी होणे' या शब्दाकडे मात्र थांबून पाहायला हवे, कारण पुढची वाट तिकडेच वळली आहे. २०२५ साली गुजरात विधानसभेने रीतसर दुरुस्ती करून, आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा ठेवून, दिवसाला बारा तासांपर्यंत कामाची सोय केली. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती घ्यावी असे म्हटले. कर्नाटकाने २०२३ मध्येच अशी दुरुस्ती केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या श्रमसंहिता अंमलात आल्या. त्यांतही जादा कामाचा दुप्पट दर राखला आहे, ही चांगली गोष्ट. बारा तासांचे चार दिवस करून तीन दिवस घरी राहणे एखाद्याला हवेसेही वाटेल, ते मी नाकारीत नाही. पण भाड्याच्या खोलीत राहणारा, गावी पैसे पाठविणारा माणूस मुकादमाने पुढे केलेल्या कागदावर सही करतो, तेव्हा ती संमती किती आणि नाइलाज किती, हे त्या कागदावरून कळत नाही. ते मालकालाच ठाऊक असते, आणि त्यालाही पुष्कळदा जाणून घ्यायचे नसते.

आणि रविवारची सुटी? १८८४ पासून नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना घेऊन ती मागत होते. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. आपण रविवारी निवांत मंदिरात जातो ते काही अंशी त्यांच्यामुळे. आपल्या प्रार्थनांत त्यांचा उल्लेख मी तरी ऐकलेला नाही.

असो. बंधूंनी हजेरीपुस्तकावरून मे ते ऑगस्टचा हिशेब काढला. एकेकाचे नऊ हजारांपासून चौदा हजारांपर्यंत निघत होते. पाच जण कामावर होते, त्यांना दोन हप्त्यांत मिळाले. चौघे मधल्या काळात सोडून गेले होते. त्यांपैकी तिघांचा फोन लागला. पहिल्याला वाटले ही काही फसवणूक आहे. बँकेचा नंबर सांगायला तो तयार होईना. अखेर त्याच्या गावच्या दुकानदाराच्या खात्यावर रक्कम पाठवावी लागली. चौथ्याचा नंबर बंद. गावाचे नाव हजेरीपुस्तकात होते, जिल्ह्याचे नव्हते. आणि त्या नावाची गावे उत्तर प्रदेशात किती असतील कोण जाणे.

त्याचे अकरा हजार दोनशे पाकिटात पडून राहिले. मंडळीच्या खजिनदारांनी सुचविले की ते इमारत निधीला द्यावे, पावती फाडू. बंधूंनाही ते बरे वाटले. त्यांनी आधारासाठी गणनाचा पाचवा अध्याय काढला: ज्याचा अपराध केला त्याला भरपाई द्यावी, आणि घेणारा आप्त कोणी नसेल तर ती परमेश्वराची होऊन याजकाला मिळावी. मी म्हणालो, अध्याय बरोबर आहे, पण त्यातली अट पुन्हा वाचा. आप्त नसेल तर. या माणसाला बायको होती, दोन मुली होत्या, त्यांचा फोटो तो मोबाइलवर सर्वांना दाखवीत असे. त्याला आप्त नाहीत असे नाही. आपल्यापाशी त्याचा पत्ता नाही, एवढेच. मजुराचे पैसे मंदिराच्या छपराला लावायचे नाहीत, असे मी जरा मोठ्यानेच बोललो. खजिनदार रागावले.

पाकीट अजून बंधूंच्या कपाटात आहे, वर नाव लिहिलेले. दर सहा महिन्यांनी ते त्या बंद नंबरावर एकदा फोन लावून पाहतात.