हक्काचं की कमावलेलं?

पाम स्प्रिंग्ज हे दक्षिण कॅलिफोर्नियातलं गाव वाळवंटात आहे, आणि तिथे एवढं गाव वसायला तसं काही कारण नाही. पाऊस नावापुरता पडतो. ५ जुलै २०२४ ला तिथला पारा १२४ फॅरनहाइटला, म्हणजे ५१ सेल्सियसच्या वर गेला होता. तरी हॉटेलामागून हॉटेलं, प्रत्येकाला पोहण्याचा तलाव, आणि गावाच्या आजूबाजूला डोळे दिपतील इतकी हिरवी गोल्फची मैदानं. एकेकाळी हॉलिवूडचे नट-नट्या इथे विसाव्याला यायच्या, कारण लॉस एंजेलिसहून गाडीने दोनेक तासांत पोचता येतं. आता हिवाळ्यात गर्दी असते ती निवृत्त जोडप्यांची. हे गाव एकच वस्तू विकतं : विश्रांती.

माझी मावशी आणि काका सॅन होजेहून फिनिक्सला मुलाकडे गाडीने निघाले होते. वाटेत पाम स्प्रिंग्जला दोन रात्री मुक्काम. मी कंपनीच्या कामासाठी तेव्हा लॉस एंजेलिसला होतो, म्हणून मागच्या सीटवर मलाही जागा मिळाली. खिंडीतल्या शेकडो पवनचक्क्या मागे पडल्या, हॉटेल आलं, आणि काका तलावाकाठच्या आरामखुर्चीत पाय पसरून म्हणाले, "चौतीस वर्षं राबलोय रे. हे कमावलेलं आहे."

मला ते वाक्य तेव्हा पटलं. खरं तर कुणालाही पटेल. नव्वदच्या दशकात दोन बॅगा घेऊन आलेला माणूस, व्हिसाची टांगती तलवार, दोनदा नोकरी गेलेली. त्याला या खुर्चीत बसायचा अधिकार नाही असं कोण म्हणेल? पण 'अधिकार आहे' आणि 'कमावलंय' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपण ती इतक्या सहज एकात एक मिसळतो की फरक कळेनासा होतो.

आमच्या क्षेत्रात तर विश्रांतीचं चक्क खातंच असतं. शनिवारी डिप्लॉयमेंट केलं की सोमवारी कॉम्प ऑफ जमा. तो ठरावीक दिवसांत घेतला नाही तर लॅप्स. म्हणजे विश्रांती ही आधी घाम गाळून मिळवायची आणि वेळेत खर्च करायची वस्तू. माझ्या वयाची कितीतरी मुलं चाळीशीत रिटायर व्हायचं म्हणून एक्सेल शीट भरत बसलेली असतात. त्यांचंही गृहीतक तेच : आत्ता जगणं म्हणजे उधारी, आधी फेडा.

आता हा हिशोब पाम स्प्रिंग्जलाच लावून बघू.

गावाच्या मध्यभागी एक चौरस मैलाचा तुकडा आहे, सेक्शन १४. ज्या गरम पाण्याच्या झऱ्यामुळे गावाला 'स्प्रिंग्ज' हे नाव मिळालं, तो याच तुकड्यात. जमीन आग्वा कलिएन्ते या काविया आदिवासींची. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कामगार भाड्याच्या जागेत साध्या घरांतून राहत. हॉटेलांच्या खोल्या झाडणारे, बागा राखणारे, घरं बांधणारे ते हेच. गावात इतरत्र त्यांना घर मिळत नसे. १९५९ मध्ये अमेरिकी सरकारने ही जमीन ९९ वर्षांच्या करारावर द्यायला परवानगी दिली आणि रातोरात तिचा भाव वाढला. पुढच्या काही वर्षांत नगरपालिकेने वस्ती हटवली. घरं पाडली, अग्निशमन दलाने ती जाळली. १९६८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने अहवालात यासाठी नगरपालिकेला अतिशय कडक शब्दांत दोषी धरलं. नगर परिषदेने माफी मागितली २०२१ मध्ये, आणि ५९ लाख डॉलर्सची तडजोड मंजूर केली २०२४ मध्ये. तोवर तिथली बरीच माणसं गेलेली होती.

ही माणसं राबली नव्हती का? कष्टाने विश्रांती कमावता येत असती, तर त्या गावातल्या आरामखुर्च्यांवर पहिला नंबर त्यांचा लागला असता. म्हणजे कष्ट अधिक आणखी काहीतरी लागतं : कातडीचा रंग, कागदपत्रं, जन्मगाव, कोणत्या साली कोणती पदवी हातात होती. काकांच्या चौतीस वर्षांतही हे 'आणखी काहीतरी' होतंच. ते इंजिनियर झाले तेव्हा जगाला इंजिनियर हवे होते.

जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१ च्या 'ए थिअरी ऑफ जस्टिस'मध्ये ही गोष्ट टोकाला नेली आहे. तो म्हणतो, कष्ट करायची वृत्ती तरी सर्वस्वी आपली कुठे असते? तीही घर, परिस्थिती, अंगभूत कुवत यांतून येते. हे वाचून चीड येते, मलाही आली. मग माझं असं काहीच नाही का? पण रॉल्स कुणाची पेन्शन काढून घेत नाही. नियम ठरले, त्यावर विसंबून तुम्ही काम केलंत, तर ठरलेलं तुम्हाला मिळालंच पाहिजे. फक्त त्यावरून 'मी लायक होतो आणि तो नव्हता' असा निष्कर्ष काढू नका. काकांची खुर्ची सुरक्षित आहे. गेलं ते त्यांचं क्रियापद.

आणि मावशी? तीही पंचवीस वर्षं एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झाली. दोन्ही संध्याकाळी ती हॉटेलच्या खोलीतल्या छोट्या ओट्यावर खिचडी टाकत होती, कारण काकांना बाहेरचं सोसत नाही. 'कमावलेल्या विश्रांती'च्या हिशोबात तिच्या घरकामाचा रकाना कधी नव्हताच. मी भांडी घासली, पण त्याने प्रश्न सुटत नाही. काकांच्या विश्रांतीत तिची पाळी धरलेली आहे, एवढंच दिसतं.

आपल्याकडे हा प्रश्न फार आधी वेगळ्या तऱ्हेने मांडला गेला होता. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टी हा प्रकार नव्हता. लोखंड्यांनी कामगारांना संघटित करून ती मागितली आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. या मागणीतली गंमत बघा : जास्त कापड विणणाऱ्याला रविवार आणि कमी विणणाऱ्याला काम, असं त्यात नव्हतं. रविवार सगळ्यांना. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं २४ वं कलम विश्रांती हा प्रत्येकाचा हक्क मानतं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

मला लोखंड्यांची बाजू बरोबर वाटते. पण तीही पुढे अडते. गिरणी एक दिवस बंद ठेवता येते. हॉटेल, हॉस्पिटल, सर्व्हर बंद ठेवता येत नाहीत. पाम स्प्रिंग्जला रविवारी सकाळी आमच्या खोलीच्या चादरी बदलायला आलेली बाई मावशीहून चार-पाच वर्षांनी तरी मोठी असावी. मावशीने तिच्यासाठी टीप ठेवली, आणि ती यायच्या आत स्वतःच पलंग आवरून टाकला. काका हसले. विश्रांती सगळ्यांचा हक्क म्हटला, तर मग प्रश्न 'कुणी कमावली' हा उरत नाही. रविवारी चादरी कुणी बदलायच्या, हा उरतो.

आमच्या टीममध्ये दिवाळीच्या आठवड्यात ऑन-कॉल कुणी राहायचं यावर दरवर्षी वाद व्हायचा. लग्न न झालेल्याने राहावं, असं लग्न झालेल्यांना वाटायचं. वर्षभर ज्याने जास्त तिकिटं सोडवली त्याला सूट द्यावी, असं मॅनेजरला वाटायचं. गेल्या वर्षीपासून आम्ही सरळ चिठ्ठ्या टाकतो. पहिली चिठ्ठी मॅनेजरची निघाली.