दुःखाचा रंग कोणता?

मनुष्याच्या अंतःकरणांतील भाव बहुधा एकटा येत नाहीं. ज्याचा पुत्र गेला त्या पित्याच्या मनांत शोक असतो, प्रीति असते, राग असतो. आणि दीर्घ दुखणें संपलें म्हणून किंचित् हलकेंही वाटतें, मग त्या हलकेपणाची लाज वाटते. ह्या सर्वांस आपण 'दुःख' हें एकच नांव देतों. तर मग मनुष्यानें आपलें मन ओळखावें कसें?

कोल्हापुरांत होऊन गेलेले चित्रकार आबालाल रहिमान ह्यांचें उदाहरण येथें विचार करण्याजोगें आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून पुढें ते शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले. शहरांतील कोटितीर्थ तलाव त्यांनीं निरनिराळ्या वेळीं पुनःपुन्हां रंगविला. तलाव तोच, परंतु पहाटेचें पाणी निराळें, सायंकाळचें निराळें. सायंकाळचा काळोख रंगवितांना केवळ काळा रंग पुरत नाहीं. त्यांत निळा, जांभळा, तांबूसही मिसळावा लागतो. शोकाचेंही तसेंच आहे.

ता. ६ मे १९२२ रोजीं महाराज मुंबईस निवर्तले. तेव्हां आबालालांनीं आपलीं पुष्कळ चित्रें त्याच कोटितीर्थांत टाकून दिलीं, असें कोल्हापुरांत सांगतात. ही गोष्ट खरी धरिली, तर त्या एका कृत्यांत शोक कोणता, प्रीति कोणती व राग कोणता, हें कोण वेगळें करील? कोणी विचारील, 'मग रंगांनीं त्यांचें दुःख कोठें निवारिलें?' उत्तर हें कीं, दिवा खोलींतील पसारा आवरीत नाहीं, दाखवितो मात्र. रंगांचेंही काम तेवढेंच. आवरण्याचें काम त्यानंतरचें, आणि त्यांत शेजारी बसणाऱ्याचाही वांटा आहे.

म्हणून शोकाच्या घरीं जाणाऱ्या उपदेशकांनीं हें ध्यानांत ठेवावें. आई गेल्यावर अबोल झालेल्या मुलाला 'रडूं नको' असें म्हणण्यापेक्षां त्याच्यापुढें गेरू, हळद, कोळसा व नीळ ठेवावी, आणि तें काय काढितें तें पाहावें. अर्थ मात्र आपण सांगूं नये. पांढरें लुगडें कित्येक घरांत विधवेचें मानीत आले. आपल्या मंडळींत तेंच नवरी नेसते. 'हा काळा कशाचा?' एवढेंच विचारावें. कदाचित् तें म्हणेल, 'आईच्या केसांचा.' मग कांहीं न बोलतां त्याच्याजवळ बसावें व ऐकावें.